भोपाळला ऐकू न आलेली पेटी

माघी उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता माझ्या थोरल्या भावानं स्वतःच्या मुलीची शहाऐंशी माणसांसमोर अब्रू काढली. समोर म्हणजे व्हॉट्सॲपवर. ‘झाँसी मराठी परिवार’ नावाचा आमचा ग्रुप आहे. त्यात इथली घरं आहेतच, शिवाय नोकऱ्यांपायी भोपाळ, नागपूर, पुण्याला पांगलेलीही आहेत. त्या सगळ्यांसाठी राजाभाऊनं फोन तोंडापाशी धरला आणि शब्द तोलून तोलून बोलला:

“सर्वांना नमस्कार. काल कीर्तनाला पेटी नव्हती हे बाहेरगावच्या मंडळींनी व्हिडिओ कॉलवर ऐकलंच आहे. माझी मुलगी शलाका साथीला बसणार होती. ती बसली नाही. ऐन वेळी पळाली. आता आमच्या घरात पेटी ठेवण्यात अर्थ नाही. समथरच्या भजन मंडळाला ती देऊन टाकतोय, त्यांचे अशोक मास्तर आज येऊन घेऊन जातील. घरातर्फे क्षमा असावी.”

मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. चाळणी तशीच ओट्यावर आपटून बाहेर आले.

“भाऊ, हे काय केलंस?”

“खरं ते सांगितलं.”

“खोटं सांगितलंस! मी तिथं होते. पोर दोन तास मांडी मोडेस्तोवर बसली होती. वाजवत होती.”

“मग माझ्या कानांना काय झालं होतं, प्रमू? मीही दोन तास इथंच बसलो होतो, हा टॅब समोर घेऊन. अहिल्याताईंचा शब्दन् शब्द ऐकला, अनुस्वारासकट. पेटीचा एक सूर नाही. एक!” त्यानं बोट नाचवलं. “चव्वेचाळीस वर्षं वाजवलंय मी त्या देवळात. पेटी वाजतेय की नाही हे मला कुणी शिकवायचं?”

राजाभाऊ एकाहत्तर वर्षांचा आहे, मी सहासष्ट. दतिया गेटजवळच्या या घरात मी माझे यजमान गेल्यापासून भावाकडेच आहे. वहिनी जाऊन दहा वर्षं झाली. गणपतीच्या देवळात कीर्तन असलं की पेटीवर आमच्या घरचं माणूस, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. यंदा दिवाळीत आकाशकंदील लावताना भाऊ जिन्यावरून पडला. खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन वरच्या मजल्यावर फिरतो, पण जिना उतरणं नाही आणि जमिनीवर बसणं तर नाहीच. म्हणून यंदा पहिल्यांदाच पेटीवर शलाका. वय एकोणतीस, इंटर कॉलेजात गणित शिकवते. भावानंच तिला शिकवलं, पण कसं? बोटांवर लाकडी पट्टी मारून. पोरीनं दोनदा शिकणं सोडलं, दोनदा परत धरलं. गेल्या रामनवमीला तिला बसवायचं ठरलं होतं, तर त्याच दिवशी तिला ताप भरला. तो ताप भावानं मनात जपून ठेवला होता.

आणि कालचं कीर्तन! इंदूरच्या अहिल्याताई म्हणजे साक्षात वाणी. गजेंद्रमोक्षाचं आख्यान लावलं होतं. मगरीनं पाय धरलाय, हत्ती सोंड वर करून हाक मारतोय, आणि खाली पेटी त्या हाकेला धरून उभी आहे. सुरुवातीची दहा मिनिटं शलाकाची बोटं पट्ट्यांवर अडखळत होती हे मी पाहिलं. थंडीही तशीच होती. पण एकदा तिनं ताईंचं बोट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. माझे डोळे दोनदा भरून आले. असलं काही कानांनी प्यायला मिळावं म्हणून तर मी वर्षभर हे पाच दिवस मोजते.

आणि हा म्हणतो, पेटी नव्हती.

“हे वाच,” भावानं फोन माझ्या नाकासमोर धरला. आमच्या चुलतभावाची सून कश्मिरा भोपाळला असते. तिनं लिहिलं होतं: “आवाज किती स्वच्छ! जणू ताई आमच्या घरातच बसून बोलत होत्या. पण यंदा पेटीला कुणीच नव्हतं का? सुनंसुनं वाटलं.”

“आता कश्मिराही खोटी? तिचं शलाकाशी काय वैर आहे?”

उत्तर सुचलं नाही की माझा राग वाढतो.

“मी सांगते ना, भाऊ! या कानांनी ऐकलंय.”

“घे मग शपथ. त्या गणपतीची शपथ घे की पेटी वाजली.”

आमच्या घरात देवाची शपथ घेत नाहीत. वडिलांनी घालून दिलेलं आहे हे, भावालाही आणि मलाही. देव साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा करायचा नसतो. भाऊ हे जाणून होता. तरी तो म्हणाला, “बघ. जीभ उचलत नाही.”

“लाज नाही वाटत तुला?” मी ओरडलेच. “वडिलांचा शब्द मी पाळते, त्याचा तू पुरावा करतोस?”

“भाचीसाठी तू काहीही पाळशील.”

तेवढ्यात दारात शलाका उभी दिसली. केस ओले, हातात फोन. तिनं सगळा निरोप ऐकला होता. काल संध्याकाळी हीच पोर दोन-दोन पायऱ्या चढत वर आली होती, “नाना, कसं झालं?” म्हणून. भावानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आणि जेवलाही नव्हता. आम्हाला वाटलं खुबा दुखत असेल.

“मैं भागी, नाना?” चिडली की ती हिंदीवर जाते. “मैं भागी थी?”

“रामनवमीला कोण पळालं होतं?”

“बुखार था!”

“होता म्हणे. मी काही थर्मामीटर पाहिला नाही.”

“आप देखते ही कहाँ हो!” तिचा आवाज चिरला. “ठीक आहे. घेऊन जाऊ देत समथरवाल्यांना. हमारी बला से. आज काय, पुन्हा कधीच त्या जागेवर बसणार नाही मी. अहिल्याताईंना तुम्हीच सांगा.”

ती गच्चीवर निघून गेली. वरचं दार असं आदळलं की खुंटीवरची छत्री पडली.

जन्मभर कीर्तनं ऐकली, क्रोधावरची निरूपणं ऐकली, रडले, माना डोलावल्या. त्या सकाळी त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही. हात धुऊन मी पुन्हा भावासमोर जाऊन उभी राहिले, कारण अजून माझं भांडण संपलं नव्हतं.

त्याचंही संपलं नव्हतं. “पेटीचं सोड,” तो म्हणाला. “गजराचं काय? मधला गजर एकट्या ताईंनी केला. एकट्या बाईनं! जय जय राम कृष्ण हरी म्हणायला एक माणूस तोंड उघडेना. टाळ नाही, टाळी नाही. साठ माणसं शाली पांघरून काय मेली होती तिथं? हे झाशीतलं मराठी कीर्तन! माझ्या डोळ्यांदेखत संपलं सगळं.”

“काय म्हणालास?”

“सगळं संपलं म्हणालो.”

“नाही, गजराचं.”

“ताई एकट्याच म्हणत होत्या.”

कालच्या गजराला माझ्या शेजारची पंच्याऐंशी वर्षांची अनुसूयाबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. शिखरावरची कबुतरं उडाली होती. आशुतोषनं तबल्यावर असा हात सोडला होता की मांडवाचा खांब हलला असेल. आणि यातलं काहीच या माणसाच्या कानावर आलं नाही?

“भाऊ, तबला ऐकलास?”

तो थांबला. “तबला...” कपाळाला आठी पडली. “आशुतोष आला नसेल.”

“आशुतोष आला होता. तबला होता. गजर होता. साठ माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तुझ्या त्या डब्यातून नुसत्या ताई आल्या. बाकी सगळं कुठंतरी सांडलं.”

“काहीतरी बोलू नकोस. आवाज आरशासारखा स्वच्छ होता.”

“तेच तर!” मी पदर खोचला आणि चपला शोधल्या.

देवळात मुकुल स्टुलावर चढून झेंडूचं तोरण बांधत होता. हा मुकुल कारखान्यात इंजिनिअर आहे, सहा वर्षांपूर्वी नागपूरहून बदलून आला. पोरगा चांगला. उत्सव समितीचं चिटणीसपद कुणी घेत नव्हतं ते त्यानं घेतलं, आणि म्हाताऱ्यांना घरबसल्या कीर्तन दिसावं म्हणून स्वतःचा फोन स्टँडवर लावून इथल्या नि बाहेरगावच्या चार घरांना व्हिडिओ कॉल जोडून दिला. काल मी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला होता. आज म्हटलं:

“उतर खाली.”

“आत्या, दोन मिनिटं, ही गाठ...”

“उतर म्हणते ना! काल तू काय दाखवलंस लोकांना?”

तो उतरला. चेहऱ्यावर अजून हसू. “मस्त झालं ना? सगळीकडून मेसेज आलेत. आवाज एकदम क्लिअर.”

“तुझ्या क्लिअर आवाजानं माझ्या भाचीचा गळा कापला. पेटी ऐकू गेली नाही. तबला नाही. गजर नाही. राजाभाऊ म्हणतो पोरगी पळाली. ग्रुपवरचं ऐकलं नाहीस?”

त्यानं ऐकलं नव्हतं, सकाळपासून फुलं निवडत होता. तिथंच उभ्यानं ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मग बायकोला फोन लावला. “मुग्धा, कॉल चालू ठेव फक्त, बोलू नकोस.” ते बटण म्हणे कॉल चालू असतानाच दिसतं. त्यानं बोटानं पडदा वरून खाली ओढला आणि मला दाखवलं. माइकच्या खाली तीन नावं होती. मधल्या नावासमोर खूण.

“व्हॉइस आयसोलेशन,” तो हळूच म्हणाला. “हे चालू होतं.”

“म्हणजे काय, मराठीत सांग.”

“म्हणजे फोन फक्त जवळच्या माणसाचं बोलणं पुढे पाठवतो. मागचा आवाज कापतो. मी घरून ऑफिसच्या मीटिंग करतो ना आत्या. कुकरची शिट्टी, आमच्या छोट्या इराचं रडणं, मुग्धाचं कुणावर तरी ओरडणं, हे सगळं साहेबांना ऐकू जायचं. घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून मी हे लावून ठेवलं. एकदा लावलं की ते तसंच राहतं. काल माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“पेटी कुकर आहे?”

“नाही, आत्या.”

“मग?”

“फोनला तेवढं कळत नाही. माणसाचं बोलणं नसेल तो गोंगाट. पंखा, रिक्षा, पेटी, त्याला सगळं एकच.”

मला असा संताप आला की काय सांगू. कीर्तनात गोंगाट कुठला आणि भक्ती कुठली, हे ठरवणारा हा कोण? नारदाच्या गादीसमोर ठेवायचा आणि त्यानं वीणा पुसून टाकायची? मगरीच्या तळ्यातून, पाण्याच्या खळबळाटातून एका हत्तीची हाक वैकुंठात ऐकू गेली, तेव्हा देवानं काही बटण दाबलं नव्हतं! हे सगळं मी मुकुलला मोठ्यानं सुनावलं. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. झाडणारी बाई झाडू थांबवून ऐकत होती.

“चूक झाली, आत्या. मी आत्ता ग्रुपवर लिहितो.”

“तू लिहिलंस तर राजाभाऊ म्हणेल, सगळे मिळालेले आहेत. त्याला त्याच्या कानांनीच पटलं पाहिजे.”

हे बोलतोय तोवर दारातून धोतर-कोटातला एक माणूस चपला काढून आत आला, खांद्यावर रिकामी गोणपाटाची पिशवी. समथरचे अशोक मास्तर. पहाटेच्या बसनं निघाले होते.

“काए बाई साब, राम राम. राजाभाऊ जी ने फोन करो तो सबेरे-सबेरे. पेटी इतै धरी है?”

पेटी देवळाच्या कोठीतच होती, काल रात्री शलाकानं पुसून ठेवलेली. मी म्हटलं, “मास्टरजी, पेटी आहे. घेऊन जायच्या आधी एकदा वाजवून बघा.”

“हओ, सो तो देखनेइ परहै.”

पेटी बाहेर आली. मुकुलनं भावाला कॉल लावला आणि ते मधलं बटण तसंच ठेवून फोन मास्तरांपासून हातभर अंतरावर धरला. मास्तरांनी भाता मोकळा केला आणि भूपाची सुरावट उचलली. काय गोड हात! गाभाऱ्यापर्यंत सूर गेला.

“हॅलो?” भावाचा आवाज. “कोण, मुकुल? मास्टरजी पहुँच गए क्या?”

“पहुँच गए, राजाभाऊ जी,” मास्तर वाजवता वाजवताच म्हणाले. “बड़ी मीठी पेटी है।”

“अच्छा लगा। ज़रा बजाकर तो देख लेते।”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. बोटं चालूच. “बजाइ तो रए हैं!”

“कब बजाएँगे?”

“अरे हम बजा रए हैं, महाराज! सुन नईं पर रओ?”

मग भाऊ चिडून, “क्यों मज़ाक करते हो, मास्टरजी? आपकी आवाज़ तो साफ़ आ रही है।”

मुकुलनं बोट खाली सरकवलं आणि तिसऱ्या नावावर खूण केली. वाइड स्पेक्ट्रम. एवढंच. दुसरं काही केलं नाही.

मास्तर वाजवत राहिले. देवळासमोरून गाजरवाला ओरडत गेला, झाडूचा खराटा फरशीवर फिरला, कुणीतरी घंटा वाजवली. सगळं चाललंच होतं.

“झाडू कोण मारतंय?” भावानं विचारलं, खूप वेळानं.

मी फोन हातात घेतला. “रामकली झाडतेय. पेटी ऐकू आली?”

“मधल्या सप्तकातला धैवत चढा आहे.” त्याचा आवाज खोल गेला होता. “माझीच पेटी आहे.”

“काल हीच होती. इथंच होती. असंच वाजत होतं.”

त्यानं फोन ठेवून दिला.

मी घरी पोहोचले तर वरच्या खोलीत तो टॅब मांडीवर घेऊन बसला होता आणि शलाका दारात उभी होती, हातात मुलांच्या वह्या, लाल पेन कानावर. त्यानं तिला हाक मारून खाली बोलावलं होतं. मला वाटलं, आता बरं होईल. माझंही डोकं जरा थंड झालं होतं.

“मुकुलच्या फोनमध्ये काहीतरी गडबड होती,” भाऊ म्हणाला. मुलीकडे न बघता. “पेटी ऐकू येत नव्हती. मी ग्रुपवर सांगून टाकतो.” आणि फोन तोंडापाशी धरून बोललाही, “सर्वांना नमस्कार. काल तांत्रिक अडचणीमुळे पेटी ऐकू आली नव्हती...”

“थांबा.” शलाका म्हणाली. “पाठवू नका ते.”

“का? तुझ्या बाजूनंच बोलतोय.”

“फोननं पेटी कापली, नाना. मी पळाले, हे फोननं नाही सांगितलं. ते तुम्ही सांगितलंत. त्याला तांत्रिक अडचण म्हणता?”

“मला जे ऐकू आलं त्यावरून...”

“तुम्हाला काही ऐकू नाही आलं. आणि न ऐकलेल्या जागी तुम्ही मला पळताना पाहिलंत.” तिनं कानावरचं लाल पेन काढून मुठीत धरलं. “तीन महिने तयारी केली मी. रोज कॉलेजातून येऊन. पट्टी खाऊन. एकदा मला विचारलं असतंत, काल रात्री, की बसली होतीस का गं. एकदा. आत्या सांगत होती ते पण खोटं. एक डिब्बा सच्चा, हम सब झूठे!”

“चूक झाली म्हणतोय ना!”

“कुठं म्हणालात? अजून तो शब्द तोंडातून नाही निघाला.”

भाऊ लालेलाल झाला. “बापाशी असं बोलतात?”

“हो.” ती म्हणाली. मी मध्ये पडले नाही. खरं सांगते, मला पडावंसंच वाटलं नाही.

मी एवढंच विचारलं, “शलाका, मास्तर देवळात पेटी घेऊन बसलेत. काय सांगू त्यांना?”

तिनं वह्यांचे कोपरे जुळवले. “आज वाजवेन. ताईंसाठी. त्यांनी काल फोन बंद झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला होता.” मग बापाकडे वळली. “पण या टॅबवर कॉल लागणार नाही. भोपाळला लावा, नागपूरला लावा, कुणालाही लावा. इथं नाही.”

“मग मी ऐकायचं कसं?”

“यायचं.”

“जिना?”

“वो आप जानो.”

भावाला उचलून न्यायला मुकुलच्या कारखान्यातली चार पोरं दोनदा तयार झाली होती, तेव्हा तो म्हणाला होता, मला अजून खांदेकरी लागत नाहीत. तीन महिन्यांत तो घराबाहेर पडला नव्हता तो पायामुळे कमी आणि त्या वाक्यामुळे जास्त.

साडेतीनला शलाका मुकाट्यानं साडी नेसून निघून गेली. मलाही निघायचं होतं, पण पाय निघेना. भाऊ खिडकीशी. टॅब पालथा घातलेला. चार वाजले, सव्वाचार झाले. मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते आणि घड्याळ बघत होते. पूर्वरंग सुरू झाला असणार, आणि या दोघांपायी माझा पूर्वरंग बुडत होता!

“प्रमू,” तो खेकसला, “काय बघतेस तोंडाकडे? मुकुलला बोलाव. आणि प्लास्टिकची खुर्ची आणू नका म्हणावं, पाय सरकतात तिचे.”

मुकुलनं फोन मुग्धाच्या हाती सोपवला आणि धावत आला, बरोबर अशोक मास्तर आणि शेजारचे दोन भैया. लाकडी खुर्चीला चादर बांधली. तो अरुंद जिना उतरताना भावानं सगळ्यांचा उद्धार केला: डावीकडे घ्या, डावं कळत नाही का, इंजिनिअर आहेस ना, मास्टरजी आप साँस मत छोड़िए मेरे ऊपर, कोपरा, कोपरा! मास्तर म्हणाले, “राजाभाऊ जी, आपसे तो पेटी हलकी हती.” पुढे ई-रिक्षा. प्रत्येक खड्ड्याला त्यानं नगरपालिकेचं नाव घेतलं.

देवळात शिरलो तेव्हा पूर्वरंग संपत आला होता. खुर्ची मागच्या ओळीत ठेवली. अहिल्याताईंनी पाहिलं, हात जोडले आणि पद तसंच पुढे नेलं. शलाकानं मान वर केली नाही. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर तिची बोटं चालली होती, आणि मी भावाकडे बघत होते. एका ठिकाणी तिचं बोट घसरलं. मला कळलं म्हणजे त्याला कळलंच. पूर्वी असं झालं की तो भर कीर्तनात “हं!” म्हणायचा. आत्ता त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं.

मध्यंतर आलं. ताईंना हार घालायचा, बुक्का लावायचा आणि सगळ्यांनी उभं राहून गजर करायचा. मुग्धानं स्टँडवरचा फोन ताईंकडून सगळ्या मंडळींकडे फिरवला. आज तिसरं बटण होतं. खोकलेही जाणार होते भोपाळला, पोरांची रडारडही.

सगळे उभे राहिले. भाऊ एकटा बसलेला. आणि तो बसल्या जागेवरून बोलला, मोठ्यानं, भांडायला उठल्यासारखा.

“ताई, एक मिनिट. गजराच्या आधी. काल पेटी होती. माझ्या मुलीनं वाजवली, शलाकानं. ती पळाली हे मी म्हणालो, आणि ते मी मनाचं म्हणालो. फोनचा काही संबंध नाही. बाहेरगावच्या मंडळींनीही ऐकावं.” श्वास लागला त्याला. “चूक माझी आहे. पेटी समथरला जाणार नाही. मास्टरजी, माफ़ करना, आपको ख़ाली हाथ भेज रहा हूँ।”

“अरे, हम तो कीर्तन सुनबे बैठे हैं,” मास्तर म्हणाले. कुणीतरी हसलं. अनुसूयाबाईनं “काय म्हणाला गं?” असं तीनदा विचारलं.

शलाकानं बापाकडे पाहिलं. चेहरा अजून तसाच, रागानं ताठ. तो वितळावा म्हणून मी मनात गणपतीला हात जोडले, पण तो काही वितळला नाही.

“नाना,” ती म्हणाली, “ताईंची वेळ जातेय.”

“हो, हो. दे सूर,” भाऊ म्हणाला.

“तेच करतेय,” ती म्हणाली, आणि भाता उघडून तिनं ताईंना त्यांचा सूर दिला, काळी पाच.